दोन काटे, एक टाकी

पत्र : नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायकोने एक वापरलेली, ३८ फुटी शिडाची बोट घेतली. सगळं झकास आहे, फक्त टॉयलेटच्या टाकीचा काटा सोडून. टाकी प्लास्टिकची, १२० लिटरची, पुढच्या बंकखाली, म्हणजे झोपायच्या फळीखाली. पंपआउट करून, म्हणजे किनाऱ्यावरच्या पंपाने टाकी उपसून आलो तरी काटा पाऊण टाकी भरलेली दाखवायचा आणि तीन दिवस वापरली तरी तिथेच. नवरा म्हणाला गेज बिघडलाय, म्हणून नवा आणून बसवला. आता नवा काटा एक तृतीयांशावर ठाण मांडून बसलाय. बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) चालू झाला की जरा वर सरकतो, बंद झाला की परत जागेवर. गेल्या आठवड्यात त्याच्या भरवशावर राहिलो आणि बोटीवर पाहुणे असताना टाकी तुडुंब झाली. पुढचं लिहीत नाही. नवरा म्हणतो, जुना सेन्सर उपटून अल्ट्रासोनिक लावू. दीर म्हणतो, टाकीत बर्फ आणि ब्लीच टाकून एक फेरी मारा, आपोआप साफ होईल. आणि गेज हवाच कशाला, लांब समुद्रात जाऊन रिकामी करा. कोणाचं ऐकू?

उत्तर :

ताई, आत्ता दोघांचंही ऐकू नका. खरेदी थांबवा, ब्लीचची बाटली कपाटात ठेवा, आणि जुना गेज फेकला असेल तर आधी तो शोधून काढा. तो बिघडलेला नव्हता, असं मला तुमच्या पत्रावरूनच वाटतंय.

सगळी गोम एका वाक्यात आहे. जुना काटा पाऊणवर, नवा एक तृतीयांशावर, आणि दोन्ही जागचे हलत नाहीत. टाकी तीच, सेन्सर तोच. मग काटे दोन जागी का?

जुन्या बोटींमध्ये बहुतेक वेळा नळीवर सरकणाऱ्या फ्लोटचा, म्हणजे तरंगत्या गोळ्याचा सेन्सर असतो. तो गेजला लिटर कळवत नाही, फक्त ओहम, म्हणजे विजेला होणारा विरोध कळवतो. या ओहमच्या दोन भाषा जगभर चालतात. अमेरिकी पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरल्यावर ३३. युरोपीय पद्धतीत रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. म्हणजे एकीत टाकी भरेल तसा आकडा उतरतो, दुसरीत चढतो. आता धरा की तुमचा सेन्सर अमेरिकी आहे आणि ६५ ओहमच्या आसपास अडकून बसलाय. जुना, त्याच्याच जोडीचा गेज ६५ चा अर्थ ‘पाऊण’ असा लावणार. युरोपीय गेज त्याच ६५ चा अर्थ ‘एक तृतीयांश’ असा लावणार. जुळलं ना? नवऱ्याने आणलेला गेज दुकानात ‘टाकीचा गेज’ म्हणून मिळाला असेल, पण तो दुसऱ्या भाषेचा निघाला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालंय. आणि वर इंजेक्शनही दुसऱ्याच रोगाचं.

हे जोडीचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. उद्या सेन्सर सुटून नीट चालू लागला, तर हा नवा गेज टाकी रिकामी असताना ‘भरली’ म्हणेल आणि भरत जाईल तसा खाली उतरेल. तुडुंब टाकीला ३३ ओहम येतील आणि काटा जवळपास रिकाम्याच्या खुणेवर असेल. अडकलेल्या काट्यावर माणूस निदान संशय तरी घेतो. उलटा चालणारा काटा मात्र हलतो, म्हणून खराच वाटतो.

बिल्ज पंपाची गोष्ट वेगळी आहे. ती दुसऱ्या बिघाडाची खूण आहे. पंप चालू झाला की काटा हलतो, याचा अर्थ सेन्सरची निगेटिव्ह आणि पंपाची निगेटिव्ह कुठेतरी एकाच सांध्यावर आल्यात आणि तो सांधा गंजलाय. पंपाचा मोठा करंट त्या गंजक्या सांध्यातून परत जाताना तिथे थोडे व्होल्ट अडतात, आणि गेजला वाटतं सेन्सरचे ओहम वाढले. युरोपीय गेजवर ओहम वाढले की काटा वर. तुमचाही वरच सरकतो, म्हणजे माझा तर्क इथेही बसतोय. (अमेरिकी गेज असता तर हाच गंज काटा खाली ओढून टाकी रिकामी दाखवत राहिला असता. तो प्रकार जास्त महागात पडतो.)

आता तपासायचं कसं. माझा एकच हट्ट असतो : कोरड्या बाजूने सुरुवात करायची आणि मैल्याला शेवटी हात लावायचा. मी हे एकदा उलट केलं होतं. अर्धी भरलेली टाकी उघडून बसलो, शेजारून एक मोटरबोट लाटा उडवत गेली, आणि त्यानंतर तीन दिवस आमच्या बोटीवर कोणी जेवायला थांबेना. बिघाड काय निघाला, तर गेजच्या मागचा एक ढिला लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी. घट्ट करायला दोन मिनिटं लागली.

तेव्हा पहिल्यांदा गेज. त्याच्या मागे तीन टोकं दिसतील : पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि सेन्सरकडून येणारी वायर, जिच्याशेजारी बहुधा ‘एस’ लिहिलेलं असतं. स्विच चालू ठेवून ती सेन्सरची वायर काढा. युरोपीय गेजचा काटा भरलेल्याच्या पलीकडे जायला हवा, अमेरिकीचा रिकाम्याकडे पडायला हवा. मग ‘एस’चं टोक आणि निगेटिव्ह एका छोट्या वायरने क्षणभर जोडा. काटा बरोबर उलट्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही वेळा पळाला तर गेज धडधाकट. ही तपासणी काट्याच्या गेजची झाली. आकडे दाखवणारा डिजिटल गेज असेल तर त्याच्या माहितीपत्रकात काय म्हटलंय ते आधी वाचा. जुना गेज सापडला तर त्याचीही अशीच परीक्षा घ्या. नव्या-जुन्याची ओळखही यातूनच पटते, वर छापील काही नसलं तरी.

मग वायर. इथे मल्टिमीटर लागेल, साधासुधा चालेल. टाकीचा स्विच बंद करा, बंक उचला, सेन्सरच्या डोक्यावरच्या दोन्ही वायर काढा आणि सेन्सरच्या दोन टोकांमधले ओहम मोजा. एक सावधगिरी : हाताने रेंज बदलायचा मीटर असेल तर तो २०० वर नको, २००० वर ठेवा. २०० वर ठेवलात आणि सेन्सर २४० ओहम देत असला तर पडद्यावर डावीकडे नुसता १ दिसतो, आणि चांगला सेन्सर ‘तुटला’ म्हणून कचऱ्यात जातो. हे मी पाहिलंय, आणि फेकणारा माणूस चांगला इलेक्ट्रिशियन होता.

आलेला आकडा कागदावर लिहा. ६५ च्या आसपास असेल तर माझं अर्धं उत्तर बरोबर. वायर परत जोडा, गेजपाशी जा, तिथे ‘एस’ची वायर काढून ती आणि गेजची निगेटिव्ह यांच्यामध्ये पुन्हा मोजा. दोन आकड्यांत एक-दोन ओहमचा फरक चालेल. पाच-दहा ओहम वाढले तर वाटेत गंज खातोय. बोटीत तो सापडण्याच्या जागा ठरलेल्या असतात : बिल्जजवळचा निगेटिव्हचा बार, कोणीतरी घाईने पिळून टेप गुंडाळलेला सांधा, सेन्सरच्या डोक्यावरचे लग. टेप सोडलीत की आत हिरवट पीठ दिसेल. नुसतं घासून परत जोडू नका. वायर कापत कापत मागे जा, तांब्याचा लख्ख रंग लागेपर्यंत. कधी कधी काळेपणा इन्सुलेशनच्या आत हातभर शिरलेला असतो, मग ती वायरच बदलायची. नवी वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, लग क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. आणि सेन्सरची निगेटिव्ह पंपाच्या सांध्यावरून काढून थेट मुख्य निगेटिव्ह बारवर न्या. काट्याचं ते नाचणं तिथेच थांबेल.

आता टाकी. पण त्याआधी व्हेंट, कारण हे कोणी बघत नाही.

टाकीतून हवा बाहेर जाण्यासाठी एक बारीक पाइप हलच्या, म्हणजे बोटीच्या अंगाच्या बाजूला उघडतो. तुमची टाकी तुडुंब भरली होती, म्हणजे मैला त्या पाइपात नक्की चढला असणार. पाइपावर कोळशाचा वासरोधक फिल्टर असेल तर तो एकदा भिजला की बसतो. टॉयलेटचा दांडा जड लागतो का, डेकवरचं झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येतो का, हे बघा. येत असेल तर व्हेंट तुंबलाय. तशा अवस्थेत पंपआउट केलंत तर बाहेरची हवा आत येत नाही आणि किनाऱ्यावरचा पंप टाकीच्या भिंती आत ओढतो. प्लास्टिकची टाकी चेपते, वरची बाजू वाकते, सेन्सरची नळी तिरकी होते आणि फ्लोट भिंतीला किंवा आतल्या पडद्याला घासून अडकतो. मग सेन्सर कितीही साफ करा, पुन्हा तिथेच अडकणार. म्हणून आधी व्हेंट मोकळा करा : बाहेरच्या टोकाकडून पाण्याचा पाइप लावून, हलक्या दाबाने, डेकवरचं झाकण उघडं ठेवून.

त्यानंतर पंपआउट, मग दोनदा भरपूर साधं पाणी टाकून पुन्हा पंपआउट. आता सेन्सरच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन-चार टिचक्या मारा आणि ओहम मोजा. ६५ चे एकदम २४० झाले तर फ्लोट नुसता चिकटला होता. तेवढ्यावर खूश होऊन सोडून देऊ नका, कारण पुढच्या आठवड्यात परत चिकटेल. काढाच.

काढताना सगळे हॅच उघडे, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, जवळ कुठेही ज्योत नको. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. वास येतो तोवर ठीक म्हणून लोक बसून राहतात, पण हा वायू जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास ‘गेला’ असं वाटलं तर बाहेर पडा. आणि आता दिरांच्या ब्लीचबद्दल : टाकीत पूर्वी कोणी व्हिनेगर किंवा क्षार काढायचं आम्ल टाकलेलं असेल आणि त्यावर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद केबिनमध्ये तो जीव घेऊ शकतो. शिवाय ब्लीच टॉयलेटच्या रबरी व्हॉल्व्हचं आयुष्य कमी करतं ते वेगळंच. बर्फाचं म्हणाल तर तो पाण्यावर तरंगतो आणि वितळतो. नळीवर दगडासारखा बसलेला थर तो कसा खरवडणार? तुमच्या दिरांना दुखवायचं नसेल तर बर्फ सरबतात घालून द्या.

सेन्सरच्या डोक्याला बहुधा पाच स्क्रू असतात आणि त्यांची भोकं मुद्दाम असमान अंतरावर पाडलेली असतात, म्हणजे तो एकाच रीतीने बसतो. तरी काढण्याआधी फोटो काढा. वर येईल ती स्टीलची नळी, तिच्यावर कागदाचा लगदा, केसांची गुंतवळ आणि पिवळट-करडा कडक थर. समुद्राच्या पाण्याने फ्लश करणाऱ्या प्रत्येक बोटीत तो असतो, कारण लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की क्षार खाली बसतात. नळी बादलीत कोमट पाणी आणि सायट्रिक आम्ल घालून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने घासा. फ्लोट स्क्रूड्रायव्हरने उचकटून सोडवू नका, नळीला पोचा पडला की संपलं.

फ्लोट नळीवरून काढावाच लागला तर खालची क्लिप काढण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने खूण करा. फ्लोटच्या आत चुंबक असतं आणि नळीच्या आत एकावर एक बारीक काचेचे रीड स्विच : काचेच्या कुपीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या, चुंबक जवळ आलं की एकमेकींना चिकटतात. १९३६ साली अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅबमध्ये वॉल्टर एलवुड यांनी शोधलेली ही युक्ती आजही टेलिफोनपासून हजारो मैल दूर, अशा घाणीत बिनतक्रार चालते, कारण पात्या काचेत बंद असतात. पण चुंबक फ्लोटच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. फ्लोट उलटा घातला तर वाचन सरकतं, आणि मग माणूस पुन्हा वायर तपासायला लागतो.

साफ झाल्यावर नळी उभी धरा, मीटर लावा आणि फ्लोट हाताने खालून वर न्या. आकडा सरळ उतरणार नाही, पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने उतरेल. ती चूक नाही, प्रत्येक टप्पा म्हणजे एक रीड स्विच. मध्येच एखाद्या जागी आकडा गायब होऊन मीटर १ दाखवत असेल तर तेवढा स्विच गेलाय. एखाद-दुसरा गेला तर मी तरी तोच वापरत राहीन. फ्लोट कानाशी धरून हलवूनही बघा. आत पाणी खुळखुळलं तर तो तरंगणारच नाही, फ्लोट नवा घ्या. बसवताना गॅस्केट मात्र नवंच घाला, जुनं कितीही बरं दिसलं तरी.

एवढं करून सेन्सर मेलेलाच निघाला, तर नवऱ्याच्या अल्ट्रासोनिककडे वळू. तो वाईट नाही. वरून आवाजाचे ठोके सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळावरून पातळी काढतो, मैल्याला शिवत नाही. पण तोंडाजवळचं काही सेंटिमीटर अंतर त्याला दिसत नाही, फेस असला तर तो फेसालाच पातळी समजतो, आणि तोंडावर बाष्पाचे थेंब साचले की गोंधळतो. तुमची बंकखालची टाकी बुटकी असणार, तिथे वरचे काही सेंटिमीटर आंधळे म्हणजे नेमकी काळजीची जागाच आंधळी. तुमची टाकी प्लास्टिकची आहे म्हणून मी बाहेरून चिकटवायच्या पट्टीच्या सेन्सरला पसंती देईन. टाकीला भोक नाही, आत काही सडत नाही. धातूच्या टाकीवर ही पट्टी चालत नाही, आणि प्लास्टिकवरही शेजारी लोखंडी ब्रॅकेट किंवा दुसऱ्या वायरींचा जुडगा नको. आतल्या भिंतीवर गाळाचा थर जमला तर तीही फसते, पण पाणी टाकून खळबळली की बहुधा ताळ्यावर येते. टाकीच्या भिंतीत बसवलेल्या धातूच्या बटणांचा प्रकार मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. दोन बटणांमध्ये ओला कागद चिकटला की टाकी कायम ‘भरलेली’.

काहीही बसवा, जोडीचा गेज घ्या आणि टाकी एकदा मापून भरा. १० लिटरच्या बादलीने साधं पाणी ओतायचं, दर बादलीनंतर काटा कुठे आहे ते कार्डावर लिहायचं, बोट धक्क्याला सरळ उभी असताना. पुढच्या बंकखालची टाकी हलच्या आकाराची, खाली निमुळती असते. अगदी इंग्रजी व्हीसारखी असेल तर निम्म्या उंचीला फक्त ३० लिटर बसतात आणि उरलेले ९० वरच्या अर्ध्यात. त्यामुळे काटा आधी भराभर चढतो आणि मग रेंगाळतो. हे कार्ड गेजच्या शेजारी चिकटवा. बोट वाऱ्याने कलली असताना काटा बघूच नका.

तोवर काय करायचं? प्लास्टिकची टाकी पांढुरकी असेल तर रात्री बंक उचलून एका बाजूला टॉर्च टेकवा, पातळीची रेघ आरपार दिसते. आणि फ्लश मोजा. हातपंपाच्या टॉयलेटला एका वेळी २ ते ४ लिटर लागतात. सरासरी ३ धरली तर १२० लिटरला ४० फ्लश. तुम्ही दोघं असताना चार दिवस निघतील, पाहुणे आले की दोनच. गेल्या आठवड्यात काय झालं ते या हिशेबातच आहे.

लांब समुद्रात रिकामी करण्याबद्दल एवढंच. जहाजांच्या सांडपाण्याचा आंतरराष्ट्रीय नियम मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या कराराच्या चौथ्या परिशिष्टात आहे, २००३ पासून लागू. तो ४०० टनांवरच्या किंवा १५ पेक्षा जास्त माणसांच्या जहाजांना आहे, आणि त्यांनाही प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे, किमान ४ नॉट वेगाने चालताना, हळूहळूच सोडता येतो. तुमच्या बोटीला तुम्ही असाल तिथल्या देशाचे नियम लागतील आणि पुष्कळ ठिकाणी ते याहून कडक आहेत. शिवाय वादळात बंदरात अडकून पडलात तर समुद्र कुठून आणणार? काटा हवाच.

पुढचं पंपआउट झालं की मला दोन आकडे कळवा : सेन्सरच्या डोक्यावरचे ओहम आणि गेजपाशी मोजलेले ओहम. आणि जुना गेज सापडला की नाही, तेही.